नकाशात ‘रिक्त’ लिहिलेली जागा

माझा पहिला नकाशा चार वेळा परत आला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं संडास-बाथरूम आणि बाहेरून गच्चीवर जाणारा जिना, एवढंच घर होतं. पहिल्यांदा जिना अरुंद म्हणून परत आला. जिना रुंद केला, तर बाजूला सोडायची जागा कमी पडते म्हणून परत आला. घर आत ओढलं, तर संडासाचा झरोका लहान निघाला. झरोका मोठा करून नेला, तेव्हा परवानगीच्या ऑफिसातल्या माणसानं कागद उलगडलासुद्धा नाही.

“सज्जा बांधकामात मोजलेला नाही,” तो म्हणाला. “नवीन नियम आलाय. आता सज्जा धरायचा.”

मी तेव्हा वीस वर्षांची होते. कन्नडहून येऊन शहरात आयटीआय केलं होतं, ड्राफ्ट्समन सिव्हिल, आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायला लागले होते. तेव्हा ट्रेसिंगच्या कागदावर शाईच्या पेनानं काढायचे दिवस होते. चूक झाली की ब्लेडनं शाई खरवडायची, आणि एकाच जागी तिसऱ्यांदा खरवडलं की कागदाला भोक पडायचं. माझ्या त्या नकाशाला जिन्यापाशी भोक पडलं होतं. मी संपूर्ण नकाशा नव्यानं काढून नेला होता, आणि हा माणूस तो न बघता परत देत होता.

“नियम कुठं लिहिलाय ते दाखवता का?” मी विचारलं.

मी भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. मला खरंच बघायचं होतं, कारण पाचव्यांदा काढायचं तर नीट कळलेलं बरं. पण आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं एकदम बघायला लागली. त्यानं ड्रॉवर उघडला, झेरॉक्सची झेरॉक्स असलेलं एक परिपत्रक काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. त्याला वाटलं असणार, ही कागद हातात घेईल आणि मान हलवून जाईल. मी तिथंच उभी राहून शेवटपर्यंत वाचलं.

“हे तर तीन मजल्यांच्या वरच्या इमारतींसाठी आहे,” मी म्हणाले. “आमचं घर एकमजली आहे.”

त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग म्हणाला, “तुमच्या साहेबांना पाठवून द्या.”

साहेब गेले, चहा पिऊन आले आणि नकाशा मंजूर झाला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. साहेबांनी मला समोर बसवलं.

“तिथं वाद घालायचा नसतो,” ते म्हणाले. “नियम वाचायचा नसतो, विचारायचा असतो. ते सांगतील तसं काढून द्यायचं. चार दिवस जास्त जातात, पण काम होतं.”

साहेब वाईट नव्हते. अक्षर कसं काढायचं, रेघ कुठं जाड आणि कुठं बारीक ठेवायची, हे त्यांनी माझ्या खुर्चीमागं उभं राहून शिकवलं होतं. शहरातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात गावाकडच्या मुलीला टेबल देणारे ते त्या वेळी एकटेच असतील. पण ते वाक्य मला पचलं नाही. ज्या नियमानं माझ्या कागदाला भोक पडलं, तो नियम वाचायचाच नाही?

मी सरकारी ग्रंथागारातून नियमांचं पुस्तक आणलं. भाषा अशी होती की एक वाक्य अर्ध्या पानाला टेकायचं. मी पेन्सिलीनं वाक्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याशेजारी छोटं चित्र काढायचे, आणि मग कळायचं की हे खिडकीबद्दल बोलतंय. पुस्तक वाचून झालं तोवर त्यातला पाव हिस्सा बदलला होता. सज्जा आधी मोजायचा नव्हता, मग अर्धा मोजायचा, मग सगळा, मग वेगळं शुल्क भरलं की नाही मोजायचा. जिन्याचंही तसंच. रस्त्याच्या कडेपासून घर किती मागं घ्यायचं, ते रस्त्याच्या रुंदीवर होतं, आणि रस्त्याची रुंदी कागदावर एक आणि जमिनीवर दुसरी. दुरुस्तीचं प्रत्येक पान मी त्या त्या जागी डिंकानं चिकटवत गेले. पुस्तक फुगून दुप्पट झालं. ऑफिसातले लोक हसायचे. पण वर्षभरात साहेबच हाक मारून विचारायला लागले, “अगं, पावसाळी छपराचं आता काय आहे?”

एक मात्र सांगते. मी नियमांच्या विरोधात कधीच नव्हते. एका इमारतीत दोन घरांच्या मधे हवा येण्यासाठी मोकळी जागा सोडायची होती. मालकाचं म्हणणं होतं, नकाशात दाखवा, आम्ही नंतर ती खोलीत घेऊ. मी म्हणाले, मी काढणार नाही. ज्या खोलीची खिडकी त्या जागेत उघडते, तिथं कुणाचं तरी अंथरूण पडणार आहे. थोड्या वेळानं साहेबांनीच माझ्या टेबलावरून तो कागद उचलला आणि आपल्या हातानं रेघा मारल्या. मी बाजूला उभी राहून बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. नियम बांधणाऱ्याला नडतात तेव्हा ते कुणाला तरी वाचवत असतात, हे मला त्या दिवशी समजलं. म्हणूनच ज्याला तो नियम लागू होत नाही त्याच्यावर तो लादलेला मला सहन होईना.

आठ वर्षं अशी गेली. लग्न झालं, ट्रेसिंगचा कागद जाऊन कॉम्प्युटर आला, शहर पैठण रोडनं पसरत गेलं. शहराच्या कडेच्या गावांसाठी विकास आराखडा करायचं ठरलं आणि त्याचा प्रारूप नकाशा लोकांना बघण्यासाठी लावला. ज्याला हरकत घ्यायची असेल त्यानं महिन्याभरात अर्ज द्यायचा होता. साहेबांनी मला एका पक्षकाराची जमीन कशात आलीय ते बघायला पाठवलं.

मोठा हॉल होता. भिंतीवर रंगीत नकाशे, आणि त्यांच्यापुढं माणसांची गर्दी. पिवळं म्हणजे घरं, जांभळं म्हणजे कारखाने, हिरवं म्हणजे बागा आणि मैदानं. गट नंबर इतके बारीक की म्हातारी माणसं नकाशाला नाक लावून उभी होती. मी माझं काम उरकून निघाले, तेवढ्यात एका बाईनं माझा हात धरला. साठीच्या आसपासची, हिरव्या लुगड्यातली, उन्हानं रापलेली. दुसऱ्या हातात सातबाराची घडी.

“पोरी, तुला वाचता येतंय का ह्ये? आमचं घर कुठंय बघ जरा. सकाळपासून हुबी हाय, कुणी सांगंना.”

मी सातबारा बघितला, गट नंबर घेतला आणि शोधला. तिची जमीन हिरव्यात होती. उद्यान. आणि उद्यानाच्या कडेनं जाणारा नवा रस्ता तिच्या गटात शिरून सरळ पलीकडं गेला होता.

“मावशी, घर नेमकं कुठं आहे? रस्त्याकडून की आतल्या बाजूला?”

“हिरीपाशी. हिरीला लागूनच हाय.”

शेजारी दुसरा नकाशा होता, आजच्या घडीला कुठल्या जमिनीवर काय आहे ते दाखवणारा. त्यात तिच्या गटावर घर नव्हतं, विहीर नव्हती. एकच शब्द होता. रिक्त.

मी तिला तो वाचून दाखवला.

“म्हंजे?”

“रिकामी जागा.”

“रिकामी?” ती म्हणाली. “मग आमी कोण हाव?”

मी तिला बाहेर झाडाखाली घेऊन गेले आणि सगळं विचारून घेतलं. तिचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरायची आणि मृगाच्या सुमारास परत यायची. सात महिने घराला कुलूप. सर्वेक्षणाची माणसं आली असणार उन्हाळ्यात. दगडमातीच्या दोन खोल्या, वर पत्रा, दाराला कुलूप, बाजूला मेंढरं बसवायचा काट्यांच्या कुंपणाचा मोकळा वाडा, विहिरीवर कुणी नाही. त्यांनी लांबूनच बघितलं असेल आणि लिहून टाकलं असेल. तिला दोन पक्क्या खोल्या बांधायच्या होत्या, परवानगीसाठी ती फिरत होती. ग्रामपंचायत म्हणाली, आता आमच्या हातात नाही. तहसीलमध्ये सांगितलं, आराखडा येतोय, थांबा. ती दोन वर्षं थांबली होती आणि आराखडा आला तर त्यात ती नव्हती.

“अर्ज करू,” मी म्हणाले. “मुदतीत केला तर त्यांना ऐकावंच लागतं. तसं कायद्यात लिहिलंय.”

हे बोलून झाल्यावर मला आठवलं की शेजारचा गट साहेबांच्या पक्षकाराचा होता. तोच, ज्याची जमीन बघायला मी आले होते. रस्ता मावशीच्या जमिनीतून गेला तर त्याच्या प्लॉटना रस्ता मिळत होता. मावशीच्या जमिनीवरचं उद्यान हललं, तर ते त्याच्या जमिनीवर येण्याची शक्यता होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मावशीचा अर्ज लिहीत बसले होते. साहेब मागून आले आणि स्क्रीन वाचत उभे राहिले.

“हे काय आहे?”

मी सांगितलं, काही न लपवता.

“माझ्या टेबलावर बसून माझ्याच पक्षकाराच्या विरुद्ध अर्ज लिहितेस?”

“त्यांच्या विरुद्ध नाही, साहेब. जागेवर घर आहे, नकाशात नाही, एवढंच लिहितेय.”

“एकच आहे ते. तुला हे कळतंय, मला शिकवू नकोस.” मग त्यांचा आवाज खाली आला. “उद्या आपल्या दहा फायली त्याच लोकांपुढं जातात. एका बाईसाठी दहा जणांचं नुकसान करायचं का?”

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, टेबलाबद्दल साहेब बरोबर होते. त्यांच्या टेबलावर बसून मी हे करायला नको होतं. दुसरी, अर्ज मी करणारच होते. दोन्ही खऱ्या होत्या, तेव्हा राहिला एकच रस्ता. मी कॉम्प्युटर बंद केला, माझं फुगलेलं पुस्तक पिशवीत घातलं आणि म्हणाले, “मग मी उद्यापासून येत नाही.”

घरी नवऱ्याला सांगितलं. तो वाळूजला कारखान्यात पाळीवर जायचा, नुकताच उठला होता. “बाई जिंकणार का?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही.”

“मग तुझं टेबल कुठं मांडायचं?” तो म्हणाला, आणि पलंग भिंतीला सरकवला.

पहिल्यांदा जमीन मोजायची होती. मी फीत घेऊन गेले. एक टोक मावशीनं धरलं. मी म्हणाले, ताणून धरा, तर तिनं असं ताणलं की माझ्या हातातलं टोक सुटलं. घराचे चार कोपरे, वाड्याची कड, विहिरीचं तोंड, विहिरीपासून बांध, सगळं मोजून मी कागदावर उतरवलं. मग प्रारूप नकाशातला रस्ता त्याच मापात त्यावर काढला. रस्ता बरोबर विहिरीच्या मधोमध जात होता. मी मावशीला दाखवलं.

“हितून मोटारी जायच्या?” ती विहिरीत डोकावून म्हणाली. “जाऊ दे की. बघू कशा जात्यात.”

विहीर घडीव दगडाची होती, आत उतरायला पायऱ्या. मला वाटलं, एवढी जुनी विहीर कुठल्यातरी कागदावर असणारच. भूमी अभिलेखच्या ऑफिसात मी जुन्या नकाशाची नक्कल मागितली. आठ दिवस लागले, पण मिळाली. निजामाच्या वेळची होती, सगळी अक्षरं उर्दूतली. मला त्यातलं ओ की ठो कळेना. एका ओळखीच्या बाईनं सांगितलं, खुलताबादला उर्दूचे निवृत्त मास्तर आहेत, ते जुने कागद वाचून देतात. मी आणि मावशी एसटीनं गेलो. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांपाशी नेला.

“बावली,” त्यांनी बोट ठेवून वाचलं. “बावली पुख्ता. म्हणजे पक्की बांधलेली विहीर. आणि हा खुणेचा दगड, हा बांध. तुमच्याच गटात आहे.”

“आनि घर?” मावशीनं विचारलं.

मास्तरांनी पुन्हा बघितलं. “घर नाही दिसत, आपा. विहीरच आहे.”

परत येताना एसटीत मी हिशेब मांडत होते. विहिरीचा पुरावा झाला, पण घराचा नव्हता. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर होतं, ते तिच्या सासऱ्याच्या नावावर, आणि सासरे जाऊन कित्येक वर्षं झाली होती. समोरचा म्हणू शकत होता, जुनं घर होतं, ते पडलं, आता जागा रिकामी आहे. तिथं माणसं राहतात हे दाखवायला हवं होतं.

“तुम्ही पावसाळ्यात परत येता तेव्हा पहिल्यांदा काय करता?” मी विचारलं.

“मेंढरांना सुई टोचून घेतो. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर येतोय वाड्यावर.”

“लिहून घेतो का तो?”

“व्हय. नाव, गाव, किती मेंढरं, समदं लिवतोय.”

जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसानं कपाटातून लसीकरणाची रजिस्टरं काढली. एकामागून एक वर्ष, जुलै महिन्यात, त्याच गटात, त्याच कुटुंबाचा वाडा, मेंढ्यांच्या आकड्यासकट. जमीन बघायला आलेल्यांना जे दिसलं नव्हतं, ते मेंढ्या मोजणाऱ्यानं दरवर्षी लिहून ठेवलं होतं. त्यानं शिक्क्यासह नकला दिल्या आणि म्हणाला, “यांचा कामाला उपयोग होईल असं पहिल्यांदाच कुणी सांगितलं.”

सुनावणीच्या दिवशी हॉलमध्ये तीन सरकारी साहेब लांब टेबलामागं बसले होते. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं. आमच्या आधीचे लोक ओरडून जात होते आणि लिहिणारा ‘नोंद घेतली’ एवढंच लिहीत होता. आमचा नंबर आला. मी मोजणीचा कागद, जुना नकाशा, मास्तरांनी केलेलं भाषांतर आणि दवाखान्याच्या नकला टेबलावर ओळीनं मांडल्या.

“तुम्ही वकील?” मधल्या साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“आर्किटेक्ट?”

“आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन. यांनी अर्जात मला प्रतिनिधी नेमलंय.”

“आरेखकाला आम्ही का ऐकायचं?”

“मला नका ऐकू,” मी म्हणाले. “मापं बघा. चुकली असतील तर तुमचा माणूस पाठवा, मी फितीचं दुसरं टोक धरते.”

साहेबांनी कागद ओढला. खालून वर, वरून खाली बघितलं. शेजारच्याला दाखवलं. मग म्हणाले, “सर्वेक्षणाच्या वेळी घराला कुलूप होतं. आमच्या माणसांनी दिसलं ते लिहिलं. त्यात त्यांचा दोष काय?”

मावशी टेबलाजवळ सरकली.

“सायेब, तुमी सुटीला गावाकडं जात असाल.”

“जातो.”

“घराला कुलूप लावता ना?”

“हो.”

“मग तुमचं घर रिकामं म्हून कुणी लिवत नाय. आमचंच कामून लिवलं?”

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि लिहिणाऱ्याला म्हणाले, “जागेवर जाऊन पाहणी करायची, असं लिहा.” पाहणी झाली. मावशी आणि मी दोघी हजर होतो. आलेल्या माणसानं विहिरीत दगड टाकून बघितला, पाण्याचा आवाज ऐकला आणि फोटो काढले.

निकाल यायला किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. मधल्या काळात मी घरच्या टेबलावर छोट्या घरांचे नकाशे काढत होते, पण माझी सही चालत नव्हती. दुसऱ्याची सही घ्यायला फिरावं लागायचं. नियमात होतं की आयटीआय केलेल्या आरेखकाला पाच वर्षांच्या अनुभवावर पर्यवेक्षकाचा परवाना मिळतो आणि छोट्या घरांवर त्याची सही चालते. अनुभवाचा दाखला मात्र साहेबांकडूनच हवा होता. मी महिनाभर टाळलं. शेवटी गेले. वाटलं होतं, दारातूनच परत पाठवतील.

साहेबांनी दाखला स्वतः टाइप केला. मी म्हणाले, “तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं.”

“रागावलोय अजून,” ते म्हणाले. “पण आठ वर्षं काम केलंस, ते मी नाही कसं लिहू?” सही करून त्यांनी कागद दिला आणि विचारलं, “त्या बाईचं काय झालं?”

“अजून काही आलं नाही.”

“राजपत्र बघत राहा. ते तुला कळवणार नाहीत.”

त्यांनी मला दिलेला हा शेवटचा सल्ला, आणि तो खरा ठरला. अंतिम आराखडा राजपत्रात आला आणि आम्हाला कुणी कळवलं नाही. मीच शोधून काढला. रस्ता वळवला होता. विहिरीला वळसा घालून बांधाच्या कडेनं जात होता. घराची जागा पिवळी झाली होती. पण पूर्वेकडची एक पट्टी, जिथं मेंढरांचा वाडा होता, ती हिरवीच राहिली होती.

मी मावशीला फोनवर सांगितलं. मला वाटलं, तिला आनंद होईल.

“म्हंजे मान्सं राहू शकत्यात, मेंढरं नाय,” ती म्हणाली. “आन् मेंढरं नसली तर मान्सं खायची काय?”

ती बरोबर होती.

घराची परवानगी काढायला घेतली तोवर सगळ्या राज्याला एकच नियमावली झाली होती आणि अर्ज कॉम्प्युटरवरून करायचे होते. माझ्या पुस्तकातलं निम्मं बाद झालं. मी नवीन नियमावली छापून आणली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. नकाशा भरला की कॉम्प्युटर एका ओळीत नाकारायचा. कधी भिंतीच्या रेघेला चुकीचं नाव दिलंय म्हणून, कधी रस्ता सापडत नाही म्हणून. रस्ता आराखड्यात होता, जमिनीवर अजून झाला नव्हता. टेबलावरच्या माणसाला निदान तोंडावर विचारता यायचं. इथं विचारायचं कुणाला? मी नियमावलीतलं ते कलम शोधलं ज्यात मंजूर आराखड्यातला रस्ता रस्ताच धरायचा असं होतं, त्याचं पान अर्जाला जोडलं आणि ऑफिसात जाऊन समोर उभी राहिले. तिथल्या मुलीनं, माझ्याहून पुष्कळ लहान, पान वाचलं. दोनदा वाचलं. “मला हे माहीत नव्हतं, मॅडम,” ती म्हणाली आणि फाईल पुढं सरकवली. असं सरळ म्हणणारं माणूस मला त्या ऑफिसांत पहिल्यांदा भेटलं.

मला परवाना मिळाला होता, परवानगीच्या कागदावर आता माझी सही होती. मावशीला अक्षर येत नव्हतं. तिनं विचारलं, “ह्यातलं तुझं नाव कंचं?” मी दाखवलं. तिनं त्यावर अंगठा फिरवला आणि कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. त्या वर्षी दिवाळीनंतर मेंढरं आणि माणसं गोदावरीकडं उतरली, ती मात्र मागं राहिली. जोतं भरून होईपर्यंत हलणार नाही म्हणाली. मी चुन्यानं रेघा मारल्या, गवंड्यानं पाया घेतला आणि ती रोज विहिरीवरून पाणी काढून जोत्यावर मारत राहिली.

पट्टीचा अर्ज मी वेगळा केला. मेंढपाळाच्या वाड्याची जागा उद्यानातून वगळावी, असा. तो फेटाळला गेला. कारण दिलं होतं की नियमात अशी तरतूद नाही. मी नियमावली पुन्हा काढली आणि शेतीशी निगडित वापराच्या कलमात गुरांच्या गोठ्याचा उल्लेख शोधला. मेंढरांचा वाडा गोठा का नाही, असं विचारून दुसरा अर्ज केला. तो पडून आहे. दर तीन महिन्यांनी मी जाऊन त्याचा नंबर सांगते. तिथला माणूस मला लांबूनच ओळखतो आणि म्हणतो, “मॅडम, वर पाठवलंय.” मी म्हणते, “वर म्हणजे कुणाकडं, ते लिहून द्या.” तो देतो. असे पाच कागद जमलेत.

मावशीची मेंढरं पावसाळ्यात त्याच पट्टीत बसतात. दवाखान्याचा डॉक्टर जुलैत येतो, टोचतो, रजिस्टरात लिहितो. दरवर्षीच्या नोंदीची नक्कल मी शिक्का मारून घेऊन येते. उद्यानाला तारेचं कुंपण घालायला अजून कुणी आलेलं नाही. आलं, तर त्यांनी आधी मोजणी दाखवावी. फीत माझ्याकडंही आहे.